सजवलेल्या कुकीज फ्रीझरमध्ये ठेवताना: ओलावा येतो कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरच्या कार्यक्रमासाठी शंभरेक शुगर कुकीज करायच्या आहेत. तळाला पांढरं रॉयल आयसिंग, त्यावर लाल आणि गडद निळी नक्षी. शेवटच्या आठवड्यात वेळ मिळणार नाही, म्हणून तीन आठवडे आधीच सगळं करून फ्रीझरमध्ये ठेवायचा विचार आहे. पण मागे थोड्या कुकीज फ्रिजमध्ये ठेवून पाहिल्या तेव्हा लाल रंग पांढऱ्यात उतरला, वरचा थर चिकट झाला आणि काहींवर तेलकट डाग पडले. आता फ्रीझरमध्ये ठेवलेलं चालेल का, आणि किती दिवस, हे तुम्हाला हवं आहे.

चालेल. नीट वाळलेली आणि नीट बंद केलेली कुकी उणे १८ अंश सेल्सिअसला महिनाभर आरामात राहते, खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तीन महिन्यांपर्यंतही ठेवतात, पण माझ्या जिभेला महिन्यानंतर बटरचा ताजेपणा कमी झालेला कळतो, म्हणून मी ऑर्डरच्या कुकीज त्यापुढे ताणत नाही. एवढं सांगून उत्तर संपवता आलं असतं. पण दिवसांचा आकडा पाळूनही लोकांच्या कुकीज बिघडतात, आणि तुमच्याही बिघडतील, कारण तुमची अडचण दिवसांची नाही, पाण्याची आहे. हे पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक, तुम्ही स्वतः डब्यात भरता ते. दुसरं, डबा उघडताना बाहेरच्या हवेतून येतं ते. फ्रीझरमधले मधले तीन आठवडे तसे निरुपद्रवी असतात.

बऱ्याच जणांना वाटतं की गोठल्यामुळे कुकी खराब होते. भाज्यांचं किंवा फळांचं तसं होतं, कारण त्यांच्यात पाणी भरपूर असतं, त्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि आतली रचना फाटते. नीट भाजलेल्या शुगर कुकीत पाणी अगदी थोडं. वाळलेल्या रॉयल आयसिंगमध्ये तर त्याहून कमी. गोठायला तिथे फारसं काही नसतंच. म्हणून केक किंवा क्रीमच्या पदार्थांपेक्षा ही कुकी थंडी कितीतरी चांगली सोसते.

आता पहिलं पाणी. रॉयल आयसिंग म्हणजे पिठीसाखर, मरँग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाची भुकटी) किंवा अंड्याचा पांढरा बलक, आणि पाणी. फ्लडिंगसाठी, म्हणजे कुकीचा तळ भरून काढण्यासाठी, पातळ केलेल्या आयसिंगमध्ये वजनाचा साधारण सहावा भाग पाणी असतं असं धरा. एका मध्यम कुकीवर १५ ग्रॅम आयसिंग घातलं तर त्यात अडीच ग्रॅम पाणी झालं. वरून हात लावला तर कोरडं लागतं, पण ती फक्त वरची पापडी. तिच्याखाली दहावा हिस्सा पाणी जरी उरलं असलं तरी दर कुकीमागे पाव ग्रॅम. डब्यात २४ कुकीज भरल्या तर सहा ग्रॅम पाणी तुम्ही आपल्या हातानं आत कोंडलंत. याउलट, पाच लिटरच्या डब्यात अडकलेली हवा कितीही दमट असो, ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरली तरी तिच्यात पाणी असतं जेमतेम ०.१ ग्रॅम. लोक डब्यातली हवा काढायला धडपडतात आणि आयसिंग मात्र सहा तास वाळवून भरतात.

म्हणून वाळवणं हे या सगळ्यातलं सर्वात महत्त्वाचं काम. कोरड्या खोलीत साध्या फ्लडला मी किमान २४ तास देते. दमट दिवस असतील, थर जाड असेल, किंवा नक्षीचे दोन-तीन थर असतील तर ३६ ते ४८ तास. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की वाळण्याचा वेग चांगलाच मंदावतो. तेव्हा खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी, आणि मंद वेगाचा पंखा, तोही थेट कुकीच्या तोंडावर नाही, बाजूनं. ओव्हनच्या उबेत वाळवायचा मोह आवरा. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि वितळलेलं बटर वर आयसिंगमध्ये चढतं. फूड डीहायड्रेटर असेल तर सर्वात कमी तापमानावर वीस-पंचवीस मिनिटं, तेही फक्त वरची पापडी पटकन धरावी आणि चकाकी यावी एवढ्यासाठी. आतलं पाणी जायला वेळच द्यावा लागतो.

वाळलं की नाही हे वरून बोट लावून कळत नाही. प्रत्येक घाण्यात एक जादा कुकी ठेवा, सर्वात जाड थराची. ती मधोमध मोडा. आयसिंगची कड खडूसारखी कोरडी तुटली तर झालं. मध्ये वाकली, दातांना चिकटली किंवा कडेला ओलसर गडद रेघ दिसली तर बाकीच्यांना अजून एक रात्र द्या. ती मोडलेली कुकी कामी आलीच म्हणायची, शिवाय खाऊनही टाकता येते.

आयसिंगच्या पाककृतीवरही पुष्कळ अवलंबून आहे, आणि तुम्ही ती दिलेली नाही. शुद्ध साखर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागते ती साधारण ८५ टक्के आर्द्रतेच्या पुढे. म्हणजे साधं रॉयल आयसिंग तसं चिवट असतं. पण दाताला मऊ लागावं म्हणून काही जण त्यात ग्लुकोज सिरप किंवा ग्लिसरीन घालतात. ही दोन्ही पाणी धरून ठेवणारी. ती घातली की आयसिंग त्याआधीच ओलावा ओढायला लागतं आणि पुरतं कडकही होत नाही. अशा आयसिंगच्या कुकीज थरावर थर रचल्या की वरच्या कुकीचा ठसा खालच्या कुकीवर उमटतो. तुमच्यात सिरप असेल तर निदान या खेपेला ते कमी करा किंवा वगळा.

जेल रंगांचंही तेच. बहुतेक जेल रंगांत ग्लिसरीन किंवा तसलंच पाणी धरणारं काहीतरी असतं. फिकट गुलाबीला दोन थेंब पुरतात, पण लाल, काळा, गडद निळा गाठायला लोक बाटली उपडी करतात. मग ते आयसिंग नीट वाळत नाही, आणि ओलावा लागला की आधी तेच सुटतं. तुमचा लाल रंग पसरला त्यामागे हेही असू शकतं. यावर उपाय आहे. गडद रंगाचं आयसिंग आदल्या दिवशी कालवून हवाबंद ठेवा. लाल आणि निळा दोन्ही रात्रीतून गडद होत जातात, त्यामुळे कमी रंगात काम भागतं. त्यात पाणी कमी ठेवा, नक्षीचं आयसिंग बोथट टोक धरेल इतकं घट्ट असू द्या. आणि पांढरा तळ पूर्ण वाळल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यावर लाल रेघ ओढू नका. ओल्या पांढऱ्यात ओला लाल सोडून केलेली नक्षी दिसते सुंदर, पण फ्रीझरमध्ये जाणाऱ्या कुकीवर मी ती गडद रंगात करत नाही.

तेलकट डाग ही वेगळी भानगड आहे. त्यांचा पाण्याशी फारसा संबंध नाही, म्हणून तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या माथी मारू नका. डाग कसला आहे हे असं ओळखायचं: रंग पसरलाय आणि हाताला चिकट लागतंय, तर पाणी. कोरडंच आहे पण आतून गडद, अर्धपारदर्शक ठिपका दिसतोय, कागदाला तेल लागल्यासारखा, तर बटर वर आलंय. आणि कोरड्या आयसिंगवर पांढुरके, खडूसारखे ढग दिसतायत, तर आयसिंग फार पातळ होतं किंवा फार सावकाश, कमीजास्त वाळलं.

बटर वर येतं ते कुकी कच्ची राहिली असेल, कोमट असताना आयसिंग घातलं असेल, आयसिंग पाण्यासारखं पातळ असेल, किंवा तयार कुकी बरेच दिवस उष्ण खोलीत पडून असेल तर. यातल्या शेवटच्या कारणापुरती फ्रीझरची मदतच होते, कारण थंडीत बटर घट्ट होऊन जागच्या जागी राहतं. तीन आठवडे तापलेल्या खोलीत ठेवण्यापेक्षा फ्रीझर केव्हाही बरा. पण आधीच वर चढलेलं बटर फ्रीझर खाली उतरवत नाही. कडा हलक्या सोनेरी होईपर्यंत भाजा, जाळीवर पूर्ण गार करा, आणि जमलं तर कोऱ्या कुकीज एक रात्र टिपकागदावर पसरून ठेवा. सुटं बटर कागदात जातं. फ्लडचं आयसिंग इतपत घट्ट असावं की सुरीनं रेघ मारली तर १२ ते १५ सेकंदांत भरून यावी. पांढऱ्या तळात थोडा पांढरा जेल रंग घातला तर उरलेसुरले डागही फारसे डोळ्यांत भरत नाहीत.

आता भरणं. कुकी भाजणीनंतर पूर्ण गार झालेली, आयसिंग पूर्ण वाळलेलं, दोन्ही खोलीच्या तापमानाला. डबा कडक भिंतींचा आणि रबरी कडेच्या झाकणाचा घ्या, नुसत्या पिशवीत रचू नका. तळाला बटर पेपर, त्यावर कुकीज एकमेकींना न टेकता, मग पुन्हा बटर पेपर. उठावाची नाजूक नक्षी असेल तर दोन थर पुरेत, सपाट असेल तर तीन-चार चालतात, जड आणि मोठ्या कुकीज खाली. रिकाम्या जागेत चुरगळलेला बटर पेपर भरा, म्हणजे डबा हलला तरी आतल्या कुकीज सरकत नाहीत. गोठलेलं आयसिंग ठिसूळ असतं. कडा फुटतात त्या थंडीनं नाही, डबा आपटल्यानं. झाकण लावल्यावर सगळा डबा क्लिंग फिल्ममध्ये दोनदा गुंडाळा किंवा मोठ्या झिपच्या पिशवीत घाला. हे दुसरं आवरण वासासाठीही हवं. बटर आजूबाजूचा वास फार पटकन धरतं, आणि शेजारी मासे किंवा चिरलेला कांदा असेल तर तो कुकीला लागतो. व्हॅक्यूम मशीन मात्र वापरू नका, हवा ओढताना पिशवी आवळते आणि नक्षी मोडते.

प्रत्येक कुकी वेगळ्या पारदर्शक पाकिटात द्यायची असेल तर ती सीलिंग मशीननं आधीच बंद करून मग डब्यात रचा. मला हीच पद्धत सर्वात भरवशाची वाटते. डबा कोणी घाईत उघडलाच तरी पाणी पाकिटाच्या बाहेर जमतं, पुसून टाकता येतं. रिबन, कार्ड, स्टिकर नंतर लावा, ओलाव्यानं त्यांची शोभा जाते.

डबे छोटे करा. शंभर कुकीजचा एक मोठा डबा करण्यापेक्षा पंचवीस-पंचवीसचे चार. प्रत्येकावर तारीख आणि आत काय आहे ते लिहा, नाहीतर बघायला म्हणून झाकण उघडलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. डबा फ्रीझरच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नाही. बर्फ न साठणाऱ्या फ्रीझरमध्ये मधूनमधून आतली गरम तार चालू होऊन बर्फ वितळवते, त्यामुळे तापमान थोडं वरखाली होत असतं. दुहेरी गुंडाळलेल्या डब्याला त्याचा त्रास नाही, उघड्या ताटलीला आहे.

आता दुसरं पाणी, जिथे बहुतेकांचं बिनसतं. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, नेमकं तेच उघड्या थंड कुकीवर होतं. पेला पुसता येतो, साखरेचा थर पुसता येत नाही.

किती थंड म्हणजे थंड, हे खोलीच्या हवेवर ठरतं. हवेचा दवबिंदू असतो, म्हणजे एक ठराविक तापमान. त्यापेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडते. खोलीत २० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू येतो जवळपास ६ अंश. २५ अंश आणि ५० टक्के असेल तर १४ अंश. आणि ३० अंशांना ७० टक्के असेल तर तो जातो २४ अंशांवर. या तीन आकड्यांकडे नीट बघा. पहिल्या खोलीत फ्रीझरमधून काढलेली कुकी ६ अंशांच्या वर गेली की उघडायला मोकळी. ती तिथे लवकर पोचते. तिसऱ्या खोलीत तीच कुकी २३ अंशांना असली, हाताला जराही गार लागत नसली, तरी तिच्यावर पाणी जमणार. कोणी लिहितं की मी अर्ध्या तासात उघडते आणि काही होत नाही, तर कोणी लिहितं की चार तास थांबूनही रंग पसरला. दोघंही खरं बोलतायत. त्यांच्या खोल्या वेगळ्या आहेत. तुमची खोली कशी आहे हे मला माहीत नाही, म्हणून तासांचा एकच आकडा देऊन तुम्हाला फसवणार नाही. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते स्वयंपाकघरात ठेवा. कुकीजचं काम नियमित करणार असाल तर ते पायपिंगच्या नोझलइतकंच उपयोगाचं आहे.

तुमच्या फ्रिजच्या प्रयोगातही हेच झालं. फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, म्हणजे या तिन्ही खोल्यांच्या दवबिंदूपेक्षा थंड. वर त्याचं दार दिवसातून अनेकदा उघडतं, दर वेळी दमट हवा आत जाते, आणि हवाबंद नसलेल्या डब्यातल्या कुकीजवर थोडं थोडं पाणी येत राहतं. त्यात त्या सादळतात. रॉयल आयसिंगच्या कुकीजसाठी फ्रिज म्हणजे दोन्हीकडून तोटा: फ्रीझरइतकं टिकवत नाही आणि खोलीइतकं कोरडं ठेवत नाही. कुकीत क्रीम, चीज किंवा ताज्या फळाचं सारण असेल तरच तिला फ्रिजमध्ये जागा, आणि मग ती तीन आठवडे ठेवायची वस्तूच राहत नाही.

डबा काढताना बाहेरचं आवरण आणि झाकण दोन्ही तसंच ठेवायचं. टेबलावर ठेवून द्यायचं, उन्हात नाही, गॅसजवळ नाही, पंख्याखाली नाही. पाणी डब्याच्या बाहेर जमेल, जमू दे. एका-दोन थरांच्या छोट्या डब्याला सहा तास तरी द्या, गच्च भरलेल्याला पूर्ण रात्र. माझा नेम असा की देण्याच्या आदल्या संध्याकाळी डबे बाहेर येतात आणि सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. डब्याच्या बाहेरचा ओलावा आपोआप सुकला आणि तळाला हात लावल्यावर गार लागेनासं झालं की आणखी दोन तास थांबा, कारण डब्याची भिंत आधी खोलीच्या तापमानाला येते आणि मधल्या कुकीज सर्वात शेवटी. घाई असेल तर फ्रीझरमधून काढून आधी फ्रिजमध्ये ठेवावं असं सुचवतात. बंद डब्याला त्यानं नुकसान नाही, पण वेळही वाचत नाही, त्यामुळे मी त्या फंदात पडत नाही.

मध्येच झाकण उचलून बघणं सर्वात वाईट. ते ०.१ ग्रॅम पाणी आठवतंय ना? बंद डब्यात तेवढंच. झाकण उघडलं की खोलीतली सगळी हवा कुकीजना भेटायला येते.

उघडल्यावर लगेच रचू नका. ट्रेवर एका थरात तासभर मोकळ्या राहू द्या. थोडी चिकट वाटली तर मंद पंखा किंवा एसी, आणि तोवर बोट लावायचं नाही. बहुतेक वेळा चिकटपणा जातो, चकाकी मात्र थोडी उतरते. रंग पसरला असेल तर तो परत जात नाही. पसरलेल्या कडेवर घट्ट आयसिंगची रेघ किंवा ठिपके काढून झाकता येतं, तेवढंच. एकदा बाहेर आलेला डबा पुन्हा फ्रीझरमध्ये घालू नका. उरलेल्या कुकीज हवाबंद डब्यात खोलीतच ठेवा.

सजावटीच्या बाकी वस्तूंबद्दल पटकन. साखरेचे मणी चालतात, पण रंगीत असतील तर ओलाव्यात रंग सोडतात. सोनेरी-चंदेरी भुकटी आणि खाण्याच्या शाईच्या पेननं लिहिलेली नावं मी कुकीज बाहेर काढून कोरड्या झाल्यावरच करते. फाँडंट (साखरेचा मळून लाटलेला थर) चिकट होतो, बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ दिला तर सावरतो. वेफर पेपर, म्हणजे खाता येणारा पातळ कागद, मऊ पडतो आणि सुरकुततो. आयसोमॉल्टची (साखरेसारख्या एका पदार्थाची) काचेसारखी सजावट फ्रीझरमध्ये अजिबात नको, ओलावा लागून धुरकट आणि चिकट होते. चॉकलेटवर पाणी जमून सुकलं की पांढरट थर येतो. बटरक्रीमच्या कुकीज गोठतात छान, पण आधी उघड्या ट्रेवर कडक होऊ द्याव्या आणि मगच डब्यात रचाव्या, नाहीतर नक्षी सपाट होते.

अंड्याबद्दल एक गोष्ट महत्त्वाची आहे. रॉयल आयसिंग कच्च्या पांढऱ्या बलकात करत असाल तर फ्रीझरवर भिस्त ठेवू नका. थंडीनं साल्मोनेला, म्हणजे कच्च्या अंड्यातून येऊ शकणारा आजाराचा जंतू, मरतोच असं नाही, तो गोठून बसतो. अनेक लोक खाणार आहेत, त्यात लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं असणार. मरँग पावडर किंवा पाश्चराइझ्ड पांढरा बलक वापरा.

आता माझं मत विचाराल तर, तुमच्या जागी मी सजवलेल्या कुकीज फ्रीझरमध्ये ठेवल्याच नसत्या. कोऱ्या ठेवल्या असत्या. भाजून पूर्ण गार केलेली कोरी कुकी दोन-तीन महिने फ्रीझरमध्ये राहते, तिच्यावर थोडं पाणी जमलं तरी ती वाळते आणि बिघडायला रंगही नसतो. लाटून कापलेले कच्चे आकारही गोठवता येतात. सहा मिलीमीटर जाडीचे असतील तर थेट फ्रीझरमधून ओव्हनमध्ये जातात आणि उलट आकार जास्त रेखीव राहतो. शिवाय वाळलेल्या रॉयल आयसिंगच्या कुकीज कोरड्या, गार खोलीत हवाबंद डब्यात दोन आठवडे सहज राहतात, चवीला पहिले आठ-दहा दिवस उत्तम. म्हणजे तीन आठवडे आधी भाजून गोठवा, कार्यक्रमाच्या दहाएक दिवस आधी काढून दोन दिवसांत सजवा, दोन दिवस वाळवा आणि बंद करून कपाटात ठेवा. शेवटचा आठवडा तुम्हाला मोकळाच मिळतो, आणि सजवलेली कुकी थंडीतून जातच नाही.

पण ते दहा दिवस आधीचे चार दिवसही मिळणार नसतील, किंवा खोली सतत तीसच्या वर तापणारी असेल, तर फ्रीझरच बरा. मग आजच एक काम करा. त्याच पाककृतीच्या चार कुकीज भाजा, त्यावर तोच लाल आणि तोच निळा, ४८ तास वाळवा. त्यातल्या दोन एका छोट्या डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये, दोन कपाटात. पाच-सहा दिवसांनी गोठवलेला डबा रात्री बाहेर काढा, सकाळी उघडा आणि चौघी शेजारी शेजारी उजेडात ठेवून पहा. लाल रेघेची कड दोन्हीकडे सारखी धारदार असेल तर शंभर करायला घ्या. गोठवलेलीची कड विस्कटली असेल तर लाल आयसिंगमधला रंग आणि पाणी कमी करून पुन्हा दोन करून पहा. कपाटातलीचीही विस्कटली असेल तर फ्रीझरचा दोष नाही, आयसिंग वाळलंच नव्हतं.